ईएमआय बाउन्सचे ५९० रुपये कापले? परत कसे मागायचे

आपल्याकडे सेव्हिंग अकाउंटला सहसा ओव्हरड्राफ्ट नसतो, म्हणजे पैसे कमी पडले तर बँक पदरचे घालत नाही, हप्ता परत पाठवते आणि वर रिटर्न चार्ज लावते. माझ्या बँकेत ५०० अधिक १८ टक्के जीएसटी, झाले ५९०. लोनवाले त्यांचा बाउन्स चार्ज लावतात तो वेगळाच, एका हप्त्याला दोन्हीकडून चाट.

भांडायच्या आधी पैसे कापतात कसे ते समजून घ्या. हप्त्याची मागणी एनपीसीआयच्या (बँकाबँकांमधले व्यवहार चालवणारी संस्था) नॅच, म्हणजे हप्ते आपोआप कापायच्या, सिस्टिममधून येते, बऱ्याचदा सकाळी सकाळीच, आणि पगार पडतो दुपारी. मग "अहो पगार त्याच दिवशी आलाय की" हे काउंटरवर कितीही सांगा, उपयोग नाही, कारण मागणी आली तेव्हा खात्यात काय होतं तेवढंच धरतात. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालतं, त्यामुळे ५ तारीख रविवारी आली म्हणून सोमवारी कापतील असं धरून चालू नका, पैसे आदल्या संध्याकाळीच ठेवा. आणि ॲपवर दिसतो तो सगळा बॅलन्स वापरता येतोच असं नाही, क्लिअर न झालेला चेक, आयपीओसाठी ब्लॉक झालेले पैसे हे त्यातून वजा करा.

आता स्टेटमेंटची पीडीएफ काढा आणि प्रत्येक चार्जसमोर त्याचा रिटर्न, म्हणजे परत गेलेला हप्ता, शोधा. चार्ज नंतरच्या तारखेलाही पडू शकतो, खात्यात पैसे नसले की तो पेंडिंग राहतो आणि पगार आला की पहिला हात तोच मारतो, म्हणून नुसती तारीख बघून गोंधळू नका. माझं असं झालं, ५ तारखेला खात्यात ४,३१० आणि हप्ता ४,८५०, बाउन्स, बरोबर आहे, चूक माझी. पण चार्जच्या एंट्री दोन होत्या, दोन्ही ५९०. ब्रांचला गेलो तर "सिस्टिमनेच कापलंय सर". घरी येऊन मेल टाकला: "५ तारखेच्या एका रिटर्नवर दोन चार्ज लागले आहेत. दुसऱ्या चार्जचा रिटर्न कुठल्या तारखेचा, रक्कम आणि कारण काय ते लेखी कळवा, नसेल तर जीएसटीसकट रिव्हर्स करा." बस, एवढंच लिहा, घरच्या अडचणी सांगत बसू नका. तक्रार नंबर मात्र मागून घ्या, फोनवरचं बोलणं धरत नाहीत.

मिनिमम बॅलन्सचा दंड असेल तर बाजू जरा भक्कम असते. आरबीआयचा नियम आहे, आधी कळवायचं, बॅलन्स भरायला महिनाभर द्यायचा, दंड जितके कमी पडले त्या प्रमाणात, आणि फक्त या दंडापायी खातं मायनसमध्ये न्यायचं नाही. "मला कळवल्याचा एसएमएस किंवा मेल दाखवा" इथूनच सुरुवात करा.

३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा आलेलं पटलं नाही तर आरबीआयच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणारा आरबीआयचा अधिकारी) तक्रार टाका, फुकट आहे, वकील वगैरे लागत नाही, माहितीसाठी १४४४८ ला फोन करा. बँकेला न विचारता थेट तिकडे गेलात तर मात्र परत पाठवतात.

मला तिथवर जावं लागलं नाही, अकराव्या दिवशी दुसरे ५९० आले. पहिले गेले ते गेले.