झडप उघडते, पण हवा कुठे जाते? कॅमेरोचं काउल इंडक्शन दुरुस्त करताना या चुका टाळा

1969 च्या शेव्हरोले कॅमेरोचं हे बोनेट पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, "हे उलटं बसवलंय का?" मधला फुगवटा जोरदार, पण त्याचं तोंड पुढे नाही, मागे, काचेकडे. बसवलंय ते बरोबरच. धावत्या गाडीची हवा पुढच्या काचेच्या पायथ्याशी येऊन अडते आणि तिथे दाब वाढतो. तीच हवा या तोंडातून इंजिनासाठी आत घेतात, त्याला म्हणायचं इंडक्शन. वायपर बसतात त्या पट्टीला काउल म्हणतात, म्हणून हे काउल इंडक्शन. कारखान्याच्या यादीत याचा कोड झेडएल-टू होता. एसएस आणि झी/28 या कॅमेरोच्या जोमदार आवृत्त्यांवर ते जादा पैसे मोजून मिळे. त्या वर्षीच्या इंडियानापोलिस 500 शर्यतीत सुरुवातीला पुढे धावणाऱ्या पेस कारसारख्या ज्या कन्व्हर्टिबल विकल्या गेल्या, त्यांवरही हेच बोनेट होतं.

यंत्रणा साधी आहे. अ‍ॅक्सिलरेटर साधारण 80 टक्के दाबला की स्विच लागतो, स्विच रिलेला (विजेवर चालणाऱ्या दुसऱ्या स्विचला) सांगतो, रिले बोनेटमधल्या सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर खेचणाऱ्या चुंबकाला, वीज देतो आणि फुगवट्याच्या तोंडाची झडप उघडते. बाहेरची गार हवा थेट एअर फिल्टरमध्ये. बाकी वेळ झडप बंद, तेव्हा इंजिन बोनेटखालची हवा घेतं.

आता घोळ कुठे होतो ते. माणसं नवा सोलेनॉइड आणतात, झडप 'टक्' करून उघडली की व्हिडिओ काढतात आणि काम झालं असं समजतात. पण झडप हा नुसता दरवाजा आहे. दरवाजापासून कार्ब्युरेटरपर्यंतचा (जिथे हवेत पेट्रोल मिसळतं) रस्ता बंदिस्त नसेल, तर एअर फिल्टर आजूबाजूची गरम हवाच ओढणार. तो रस्ता बंदिस्त करते एअर फिल्टरवरची रबरी कॉलर, जी बोनेट लावल्यावर त्याच्या आतल्या बाजूला दाबून बसते. पन्नास वर्षांत ते रबर सुकतं, तडकतं, कुठेतरी चपटं होतं. अख्ख्या यंत्रणेतली सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात दुर्लक्षित.

तपासायला महागडं काही लागत नाही. कणकेच्या बारीक वळकट्या करा, स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळा, कॉलरच्या कडेवर सगळीकडे ठेवा आणि बोनेट हलकेच लावून पुन्हा उघडा. जिथे वळकटी जशीच्या तशी आहे तिथे फट. जिथे पापड झालाय तिथे कॉलर जरुरीपेक्षा जास्त दाबली जातेय. मी ही तपासणी पहिल्यांदा केली तेव्हा मागच्या अर्ध्या भागात कणकेला धक्कासुद्धा लागला नव्हता, आणि त्याआधीचे दोन रविवार मी वायरिंगवर घालवले होते. मॅनिफोल्ड, म्हणजे कार्ब्युरेटरखालचा हवा वाटणारा भाग, बदललेला असेल तर हे मोजमाप सक्तीचं समजा. उंच अ‍ॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड बसवला की एअर फिल्टर वर येतो आणि बोनेट नेटाने लावलं तर पत्र्याला आतून टेंगूळ येतं.

कॉलर इतकी महत्त्वाची का, ते आकड्यांत बघा. ताशी 100 किलोमीटर वेगाला वाऱ्याचा पूर्ण दाब पकडला तरी तो 463 पास्कलच्या आसपास भरतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. तेव्हा हवा 'कोंबली' जाते वगैरे जाहिरातीची भाषा. खरा फायदा गारव्याचा. बोनेटखाली 65 अंश सेल्सिअस आणि बाहेर 30 असेल, तर बाहेरची हवा साधारण 11 टक्के दाट. कॉलरला फट राहिली की हा फायदा त्या फटीतूनच जातो.

कॉलर नवी आणि तरी सहा महिन्यांत एका बाजूने फाटली? मग कॉलरला शिव्या देऊ नका, इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी टेकू, म्हणजे इंजिन माउंट, बघा. एअर फिल्टर इंजिनावर बसतो आणि कॉलर टेकते बोनेटला. जोरात पेडल दिलं की इंजिन पिळतं, माउंटचं रबर सुटलं असेल तर ड्रायव्हरच्या बाजूने चक्क उचललं जातं. ही भीती कागदावरची नाही. डिसेंबर 1971 मध्ये जनरल मोटर्सने याच कारणासाठी सुमारे 67 लाख गाड्या परत बोलावल्या, 1969 ची कॅमेरो त्यात होती. उपाय काय केला, तर इंजिन फार वर उचलू नये म्हणून तारेचा दोर बांधून दिला! त्या दोराच्या भरवशावर आजही फिरणाऱ्या गाड्या असतील. झटपट तपासणी अशी: हँडब्रेक आणि ब्रेक घट्ट, गाडीसमोर कोणी उभं नाही, गिअर टाकून अगदी थोडं पेडल. मित्राने बाजूला उभं राहून इंजिन किती उचलतं ते बघायचं.

आता वीज. झडप उघडतच नसेल तर सोलेनॉइड विकत घेण्याआधी गालिचा उचला. थट्टा नाही. नवा जाड गालिचा, त्यावर रबरी मॅट, आणि पेडल 80 टक्क्यांपर्यंत पोचतच नाही. स्विच कधी लागणार? मॅट काढून, इंजिन बंद ठेवून, किल्ली ऑन करून पेडल पूर्ण दाबा. रिलेची टिकटिक ऐकू आली पण झडप हलली नाही, तर सोलेनॉइडच्या टोकाशी मीटर लावा, पण पेडल दाबलेलं असतानाच. मोकळ्या वायरवर 12 व्होल्ट कोणीही दाखवतो. भार आल्यावर आकडा घसरला तर दोष गंजलेल्या कनेक्टरचा किंवा अर्थचा (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतणाऱ्या वाटेचा). बोनेट नुकतंच रंगवलं असेल तर आधी अर्थ: बिजागरी आणि बोल्टखाली चढलेला रंगाचा थर वीज अडवतो. बॅटरीच्या निगेटिव्हपासून सोलेनॉइडच्या अर्थपर्यंत एक तात्पुरती वायर लावली आणि झडप हलली, की निदान झालं. ही परीक्षा भराभर उरका. सोलेनॉइडला मिनिटभर वीज देत बसलात तर तो तापतो.

रंगाचंच आणखी एक. झडप बसवून, हलवून, कडेची फट सारखी आहे ना ते बघून मग रंगाला द्या. उलट केलं तर पिनांवर चढलेल्या रंगाने झडप अडखळते आणि पहिल्याच दिवशी कडेचे टवके उडतात. पिनांना घट्ट ग्रीस थापू नका, त्यात धूळ बसते.

फायबरग्लासचं बाजारातलं बोनेट घेतलं असेल तर आधी खाली वाकून बघा. पुष्कळांत फुगवटा आहे आणि झडपेची जागाच नाही.

कार्ब्युरेटरला हात सगळ्यात शेवटी. फट असलेल्या कॉलरवर जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) बदलणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कॉलर नीट बसल्यावर दाट हवा येते, मिश्रण थोडं लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, होऊ शकतं. तेव्हा प्लग काढून रंग बघा आणि मग ठरवा.

जमलं की नाही याचा पुरावा थर्मामीटर देतो. लांब वायरचा सेन्सर एअर फिल्टरच्या आत चिकटवा, पण कार्ब्युरेटरच्या तोंडात पडणार नाही असा घट्ट, आणि मोकळ्या रस्त्यावर शेजारच्याला आकडा वाचू द्या. पूर्ण पेडलला तापमान बाहेरच्या हवेकडे उतरायला हवं. झडप उघडूनही आकडा 55-60 वर अडून राहिला तर पुन्हा कणीक मळा.

आणि गाडी धुताना प्रेशर वॉशरचा फवारा बोनेटच्या त्या मागच्या तोंडावर धरू नका. झडप बंद असली तरी ती पाणी अडवायला केलेली नाही, आणि तिच्याखाली थेट एअर फिल्टर आहे.