अपडेटनंतर उबुंटूत वायफाय गायब झालंय? आधी हे बघा

अपडेट मारलं, रीस्टार्ट केलं आणि वर कोपऱ्यातलं वायफायचं चिन्हच गायब, सेटिंगमधे बघावं तर 'नो वायफाय अडॅप्टर फाउंड'. ब्रॉडकॉम कंपनीचं वायफाय कार्ड असेल तर हे ठरलेलंच दुखणं आहे, बीसीएम ४३१४२ वाले लॅपटॉप काय आणि उबुंटू टाकलेले जुने मॅकबुक काय. उबुंटू परत टाकायच्या भानगडीत पडू नका, कार्ड बहुतेक वेळा ठणठणीत असतं.

पहिलं काम, जुन्या कर्नलवर (कर्नल म्हणजे उबुंटूचा गाभा, अपडेटमधे तो बदलतो) जाऊन बघा. मशीन चालू होताना एस्केप दाबा, एकदाच, सारखं दाबत बसलात तर ग्रबची (चालू होतानाच्या मेनूची) काळी कमांड लाइन समोर येते. जुन्या बायोसवाल्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवायचं. मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधे जाऊन आधीचा कर्नल निवडा, रिकव्हरीवाली ओळ नको. तिथे वायफाय लागलं म्हणजे चोर सापडला. ब्रॉडकॉमचा डब्ल्यूएल ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) कर्नलसोबत येत नाही, दर नव्या कर्नलसाठी तो नव्याने कंपाइल व्हावा लागतो, ते काम डीकेएमएस नावाचं टूल करतं आणि त्याला त्याच कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या फाइली) लागतात, ते नसले की ड्रायव्हर बनतच नाही.

आता परत नव्या कर्नलवर या आणि नेटसाठी फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, त्याला वायफाय ड्रायव्हर लागत नाही. कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमधे टाइप इंग्रजीतच करायच्या. आधी 'एलएसपीसीआय -एनएनके', त्यात ब्रॉडकॉमच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नसेल तर ड्रायव्हर चढलेला नाही. ब्रॉडकॉमचं नावच दिसत नसेल तर मशीन पूर्ण बंद करून चालू करा, तरी नाही आलं तर मात्र उघडून कार्ड सैल झालंय का बघावं लागेल. नाव दिसतंय ना? मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-$(यूनेम -आर)' (कंसातला भाग चालू कर्नलचा नंबर आपोआप भरतो), आणि त्यानंतर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स'. संपलं की 'डीकेएमएस स्टेटस' मधे तुमच्या कर्नलच्या नंबरापुढे 'इन्स्टॉल्ड' दिसलं पाहिजे. एरर आली तर बहुतेक त्या पॅकेजला नवा कर्नल अजून झेपत नाहीये, पॅकेजचं अपडेट येईपर्यंत गपचूप जुना कर्नल वापरा, तो काढू नका.

सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू असेल तर इन्स्टॉल करतानाच पासवर्ड मागतं, तो लक्षात ठेवा कारण रीस्टार्टला निळी स्क्रीन येते, तिथे 'एनरोल एमओके' (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवणं) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. लोक ती स्क्रीन बघून घाबरतात, थेट पुढे जातात आणि मग म्हणतात सगळं करूनही चालत नाही.

इंटेलचं कार्ड असेल तर हे काहीच करू नका. त्याचा ड्रायव्हर कर्नलमधेच असतो, तिथे 'सुडो डीएमईएसजी' मधे आयडब्ल्यूएलवायफायच्या (इंटेलच्या ड्रायव्हरच्या) ओळींत फर्मवेअरची (कार्डात भरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमची) तक्रार दिसते का बघा आणि दिसली तर लिनक्स-फर्मवेअर पॅकेज अपडेट करा.