खाऱ्या वाऱ्यातली खिडकी: काच नितळ, झडप मोकळी

फेंगशुईत खिडक्या म्हणजे घराचे डोळे. काच स्वच्छ हवी आणि झडप पूर्ण उघडायला हवी. कोकण किनाऱ्यावर नेमकं हेच बिघडतं: काचेवर मिठाचा पांढुरका थर बसतो आणि पावसात लाकूड फुगून झडप अडते.

१. काच कोरड्या फडक्याने पुसू नका. मिठाबरोबर बारीक रेती चिकटलेली असते, तिचे ओरखडे कायमचे राहतात. आधी भरपूर गोडं पाणी ओतून मीठ विरघळवा.

२. १ लिटर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून पुसा आणि लगेच सुती कापडाने कोरडी करा. भर उन्हात नको, डाग वाळतात.

३. झडपेची कड जिथे घासून गुळगुळीत झाली आहे, तेवढीच जागा सुकी करून तिथे मेणबत्ती घासा. पावसाळ्यात रंधा मारू नका. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की फट पडते आणि पुढच्या पावसाचं पाणी तिथूनच आत येतं.

बिजागरीला खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. शिलाई मशीनच्या तेलाचे २ थेंब पुरे. बिजागरी पितळी असेल तर स्क्रूही पितळीच लावा, लोखंडी फार लवकर गंजतो.

जपायचं एकच: खिडकीखालची पट्टी कडाप्पा किंवा संगमरवराची असेल तर व्हिनेगर सांडू देऊ नका. चकाकी उडते, आणि पॉलिशवाला बोलावल्याशिवाय ती परत येत नाही.