दिव्यांग मुलांसोबत काम करणाऱ्यांना ऑनलाइन सुरक्षेचं प्रशिक्षण कसं द्यावं

‘अनोळखी माणसाशी बोलायचं नाही’ हे वाक्य विशेष मुलांच्या बाबतीत फारसं कामी येत नाही. आठवडाभर गेममध्ये रोज भेटणारा माणूस मुलाच्या लेखी अनोळखी राहिलेलाच नसतो. स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल बहुधा शब्द जसाच्या तसा घेतं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला तर आपणच वर्षानुवर्षं मोठ्यांचं ऐकायला शिकवलेलं असतं, आणि पलीकडचा माणूस नेमका मोठ्यांच्याच सुरात बोलतो. त्यामुळे प्रशिक्षणात भाषण कमी आणि हातात फोन घेऊन सराव जास्त, असं प्रमाण ठेवा.

कोण, कधी, काय लागतं

विशेष शिक्षक, शाळाशाळांत जाणारे फिरते शिक्षक आणि गट साधन केंद्रातले (शिक्षण विभागाचं तालुका पातळीवरचं केंद्र) तज्ज्ञ येतातच. राहून जातात ते मदतनीस, आया, शाळेच्या गाडीचे चालक आणि निवासी शाळेतले काळजीवाहक. मुलाजवळ सगळ्यात जास्त वेळ हेच असतात, तेव्हा त्यांची नावं यादीत आधी लिहा. एका गटात पंधराच्या वर माणसं नकोत. सोळावा माणूस नुसता बघत बसतो.

दोन-दोन तासांची तीन सत्रं घ्या, मध्ये आठवड्याचं अंतर ठेवा. सोलापुरात जानेवारीच्या मध्यावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा असते, ते दिवस टाळा. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुटल्यावर सोलापूरच्या दुपारी कोणाला बसवू नका, झोपच लागते.

साहित्यात सिम नसलेले चार-पाच जुने अँड्रॉइड फोन, एक हॉटस्पॉट, सरावासाठी वेगळी खाती आणि चित्रकार्डं. सरावाच्या फोनमध्ये खऱ्या मुलांचा एकही फोटो नसावा.

पहिलं सत्र: आधी आपला फोन

सुरुवात मुलांच्या फोनपासून करू नका. अडचण बहुतेक वेळा कर्मचाऱ्यांच्याच फोनमध्ये असते. प्रवास भत्ता किंवा मदतनीस भत्त्यासाठी पालकांकडून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र), आधार आणि बँक पासबुकाचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवले जातात. ते गॅलरीत साठतात, बॅकअप चालू असेल तर तिथून गुगल फोटोजवर आपोआप चढतात आणि घरातला कोणीही चाळू शकतो. दिव्यांगत्वाचा प्रकार, पत्ता आणि खातं क्रमांक एकाच ठिकाणी मिळाले, की फसवणाऱ्याचं निम्मं काम झालेलं असतं.

सत्रातच प्रत्येकाने हे करून दाखवायचं: व्हॉट्सॲपच्या चॅट सेटिंगमध्ये मीडिया गॅलरीत दिसणं बंद, गोपनीयतेत प्रोफाइल फोटो आणि ‘गटात कोण घेऊ शकतं’ हे दोन्ही ‘माझे संपर्क’वर, टू-स्टेप पिन चालू, जुनी कागदपत्रं कार्यालयाच्या संगणकावर हलवून फोनमधून आणि ऑनलाइन बॅकअपमधूनही पुसणं. शेवटची पायरी हटकून विसरली जाते.

दिव्यांग दिनाच्या कार्यक्रमाचे फोटो स्टेटसला ठेवायची सवयही इथेच मोडायची. पुरावा म्हणून फोटो लागतच असतील तर पाठमोरे काढा, किंवा हातांचे आणि कामाचे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. प्रवेशअर्जातली एक मोघम सही त्याला पुरत नाही.

दुसरं सत्र: मुलागणिक धोका वेगळा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

*स्वमग्न मूल.* त्याची आवड हेच गळाला लावलेलं आमिष. रेल्वे इंजिनांचं वेड असलेल्या मुलाला इंजिनांचे व्हिडिओ पाठवणारा माणूस दोन दिवसांत ‘मित्र’ होतो. अशा मुलाला मोघम सल्ला नको, ठाम नियम द्या: ‘कोणी फोटो मागितला, की फोन उलटा ठेवायचा आणि बाईंकडे जायचं.’ कृती एकच, ती चित्रकार्डावर, आणि रोज एकदा सराव. दहा नियमांचा तक्ता भिंतीवरच राहतो.

*बौद्धिक अक्षमता.* हे मूल ‘हो’ म्हणायला पटकन तयार होतं. ‘गुपित’ आणि ‘सरप्राइज’ यातला फरक खेळातून शिकवा: वाढदिवसाची भेट सगळ्यांना नंतर कळते, गुपित कधीच कोणाला कळू द्यायचं नसतं. कधीच कळू न द्यायची गोष्ट असेल तर ती सांगायचीच. ‘नाही’ म्हणायचा सराव शिक्षकांवर करू द्या. मुलाने शिक्षकाला नकार दिला तर शाबासकी मिळाली पाहिजे. अनेक शिक्षकांना हे जड जातं, पण त्याशिवाय मूल बाहेर कोणाला नकार देणार नाही.

*न बोलणारी मुलं.* त्यांचा संवादफलक (चित्रांवर बोट ठेवून सांगायचा तक्ता) काढून तपासा. त्यावर पाणी, शौचालय, जेवण असतं. ‘नको’, ‘थांब’, ‘दुखलं’, ‘फोटो काढला’ आणि शरीराच्या खाजगी भागांची चित्रं बहुधा नसतात. ज्या गोष्टीचं चित्रच नाही ती मूल सांगणार कशी? सत्रातच प्रत्येक फलकावर ही चित्रं चिकटवा.

*कर्णबधिर मुलं* मजकुरापेक्षा व्हिडिओ कॉल वापरतात, त्यामुळे मागे काहीच लेखी राहत नाही. फोनवरची मदतही त्यांना थेट घेता येत नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लिहून तक्रार कशी करायची ते मोठ्या मुलांना दाखवा. *दृष्टिहीन मुलांचा* टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय, ओटीपी मोठ्याने वाचतो. इअरफोनची सवय लावा. ‘स्क्रीन दिसत नाही ना, मी मदत करतो’ म्हणून कोणी स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगितलं, तर फोन कापायचा. *अतिचंचल मुलांत* धोका पैशांचा: प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा.

मग घरचा फोन. सोलापूरच्या पूर्व भागात आई विड्या वळत असते, वडील यंत्रमागावर. घरात फोन एकच, त्यावरच यूपीआय आणि त्यावरच मुलाचं यूट्यूब. ‘मुलाला फोन देऊ नका’ हा सल्ला तिथे चालत नाही. त्याऐवजी पालकांना तीन गोष्टी करून द्या: ॲप पिनिंग, म्हणजे मूल एकाच ॲपमध्ये राहतं (आयफोनवर हेच काम गाईडेड ॲक्सेस करतं), यूट्यूब किड्समध्ये शोध बंद, आणि यूपीआय लाइट (छोट्या रकमांची सोय) बंद, कारण त्याला पिन लागत नाही. पिनिंग सोडवताना स्क्रीन लॉक मागितला जाईल हे सेटिंग विसरू नका, नाहीतर मूल दोन दिवसांत सोडवायला शिकतं. सूचनापत्र मराठीत आणि जोडीला तेलुगू, कन्नड किंवा उर्दूत द्या. अक्कलकोटकडच्या पालकांशी कन्नडमध्ये बोललं तर पाच मिनिटांत काम होतं.

तिसरं सत्र: मुलाने सांगितल्यावरचा पहिला तास

भूमिका वाटून सराव करा. एकजण मूल, एकजण शिक्षक, बाकीचे बघणारे. क्रम असा:

१. चेहरा शांत ठेवा, फोनवर ओढाओढ नको. शिक्षा म्हणून फोन काढून घेतला की मूल पुढच्या वेळी सांगत नाही.

२. ‘काय झालं ते सांग’ किंवा ‘दाखव’ एवढंच विचारा. ‘त्याने कपडे काढायला लावले का?’ असं विचारलं तर मूल तुम्हाला बरं वाटावं म्हणून ‘हो’ म्हणू शकतं आणि पुढे जबाब कमकुवत होतो. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका.

३. मुलाचे शब्द, खुणा, बोट ठेवलेलं चित्र, वेळ, सगळं जसंच्या तसं लिहून ठेवा. तुमचा अर्थ वेगळ्या ओळीत.

४. खात्याचं नाव, नंबर, लिंक आणि मजकुराचे संदेश दुसऱ्या फोनने टिपून घ्या. पलीकडचा माणूस ते कधीही पुसू शकतो. मुलाचं नग्न चित्र मात्र टिपू नका, पाठवू नका, मुख्याध्यापकांनाही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब नुसार असं चित्र पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी अडचण होते. फोन चार्ज करून, एअरप्लेन मोडवर, कुलपात ठेवा.

५. कळवा. पोक्सो कायदा, २०१२ (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) च्या कलम १९ नुसार लैंगिक गुन्ह्याची माहिती किंवा शक्यता कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी संस्थेची बैठक घेऊ’ ही पायरी कायद्यात नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० आणि बँक, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवायची असते.

सोलापुरात एक गोंधळ ठरलेला: शहर पोलीस आयुक्तालय वेगळं, ग्रामीणचे पोलीस अधीक्षक वेगळे. शाळा शहरात आणि मूल मोहोळचं असलं की हद्दीवरून चालढकल होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता घ्यावी लागते. हे वाक्य कागदावर लिहून सोबत न्या. दिव्यांग मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा मुलाची संवादपद्धत जाणणाऱ्याची मदत घेता येते (पोक्सो, कलम २६), तीही तिथेच मागा. मूल संवादफलक वापरत असेल तर फलक बरोबर घ्या.

तीन महिन्यांनी परत भेटा, पण परीक्षा घेऊ नका. दोन गोष्टी बघा: संवादफलकावर ती चित्रं अजून आहेत का, आणि कर्मचाऱ्यांच्या स्टेटसवर मुलांचे चेहरे दिसतात का. दिसले तर पहिलं सत्र पुन्हा घ्या.