कॅमेऱ्याशिवाय ॲनिमेशन : थेट फिल्मवर चित्रं कशी काढावीत

१९३५ साली न्यूझीलंडच्या लेन लायनं लंडनमध्ये ब्रिटिश टपाल खात्यासाठी कॅमेरा न वापरता, सरळ फिल्मच्या पट्टीवर रंग लावून एक लघुपट केला. ते तंत्र आजही घरच्या टेबलावर जमतं.

नवशिक्यानं १६ मिमी फिल्म घ्यावी. ८ मिमीची फ्रेम, म्हणजे एका चित्राची चौकट, फारच चिमुकली असते. रंगवायला पारदर्शक पट्टी लागते, खरवडायला काळी. जुनं रीळ वापरणार असाल तर त्यावर काय आहे ते आधी उजेडात धरून नीट पाहा. कुणाच्या घरच्या लग्नाची ती एकुलती एक प्रत असू शकते, आणि खरवडलेलं परत येत नाही.

आता मापं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे साधारण १८.३ सेंटिमीटर पट्टी. दहा सेकंदांना सहा फूट. पट्टीच्या कडेला ओळीनं भोकं असतात; एका बाजूच्या दोन भोकांमधलं अंतर म्हणजे एक फ्रेम. पांढऱ्या कागदावर फ्रेमच्या रेघा आखून तो पट्टीखाली ठेवा, खालून उजेड द्या.

पारदर्शक पट्टी स्पिरिटनं पुसून घ्या. बोटांचं तेल लागलं की शाई धरत नाही. मग परमनंट मार्कर किंवा पातळ शाई. थर जाड झाला तर प्रोजेक्टरमध्ये त्याचे पोपडे निघतात. भोकं मोकळी ठेवा.

खरी गंमत हालचालीत आहे. एकाच फ्रेमवर काढलेला ठिपका पडद्यावर नुसता लुकलुकतो. तोच बारा फ्रेम, दर वेळी केसभर सरकवत काढा. तो चालू लागतो. सुरुवातीला हात घाई करतो आणि ठिपका उड्या मारतो, म्हणून खालच्या कागदावर त्याची वाट पेन्सिलीनं आखून ठेवा. फ्रेम न मोजता लांबच लांब रेघ ओढली तर ती थरथरत राहते. नॉर्मन मॅक्लारेन आणि एव्हलिन लॅम्बार्ट या ॲनिमेशनकारांनी १९४९ मध्ये कॅनडात ऑस्कर पीटरसनच्या जॅझवर असंच मोकळेपणानं रंगवलं होतं. मला ही रीत जास्त जिवंत वाटते.

काळ्या पट्टीची इमल्शनची, म्हणजे चित्र धरणाऱ्या रसायनाच्या थराची, बाजू ओळखायला पट्टीचं टोक ओलसर ओठांत धरा. चिकटते ती बाजू. तिथं सुईनं किंवा कर्कटकाच्या टोकानं खरवडा. रंगीत प्रिंट असेल तर हलक्या हाताला हिरवा रंग दिसतो, जरा खोल गेलात की पिवळा, आणि तळाशी स्वच्छ पांढरा उजेड. हाताचा दाब हीच तुमची रंगपेटी.

एकाच बाजूला भोकं असलेल्या पट्टीची दुसरी कड ध्वनीची. तिथं आडव्या रेघा मारल्या तर प्रोजेक्टर त्या वाजवतो. रेघा दाट तेवढा स्वर उंच. मात्र आवाज चित्राच्या २६ फ्रेम पुढे, रिळाच्या सुरुवातीच्या दिशेनं काढावा लागतो.

शाई पूर्ण वाळू द्या, मगच पट्टी प्रोजेक्टरवर चढवा. प्रोजेक्टर नसेल तर पट्टी उजेडावर ठेवून मोबाइलनं एकेक फ्रेमचा फोटो काढा आणि एडिटिंगच्या ॲपमध्ये सेकंदाला २४ या वेगानं ओळीनं लावा.