केमिकल अँकर: या चुका टाळा, नाहीतर फाटक हातात येईल

केमिकल अँकर म्हणजे काँक्रीटच्या भोकात चिकटणारं केमिकल भरून त्यात लोखंडी रॉड पक्का बसवणं. बारा एमएमच्या रॉडला चौदाचं भोक, केमिकल भरा, रॉड फिरवत आत घाला. एवढं पोरं दोन दिवसांत शिकतात. भोकातली भुकटी काढायला मात्र दोन वर्षं लागतात.

परभणीजवळ मे महिन्यात काँक्रीटच्या खांबांना लोखंडी फाटक बसवत होतो. दुसऱ्या दिवशी वास्तुशांत, मालक डोक्यावर उभा. नव्या पोरानं भोकात तोंडानं दोन फुंकरा मारल्या, डोळे चोळले आणि लागला केमिकल भरायची गन दाबायला. मी चहाला गेलेलो, म्हणजे चूक माझीपण. संध्याकाळी फाटक टांगलं आणि वरच्या प्लेटचे दोन रॉड मुळा उपटावा तसे बाहेर आले. केमिकल दगडासारखं घट्ट, पण त्याच्यावर राखाडी पिठाचा थर. ते खांबाला चिकटलंच नव्हतं, पिठाला चिकटलं होतं. रात्री बॅटरी लावून जागा बदलून नवी भोकं पाडली.

तवापासून पंपानं चारदा हवा, तारेचा ब्रश चारदा, परत चारदा हवा. पंपाची नळी तळापर्यंत. शेवटच्या हवेला तळहात समोर धरतो. पांढरं लागलं की पहिल्यापासून. ब्रश भोकात सैल जात असेल तर तो भंगारात टाका.

दुसरं दुखणं घाईचं. ‘सुकलं का?’ म्हणत रॉड हलवून बघणाऱ्याचा हात धरावा वाटतो. ते रंगासारखं सुकत नसतं. दोन भाग मिसळून आतल्या आत घट्ट होतात, आणि त्या वेळात हलवलं की पकड गेली. केमिकलच्या नळकांड्यावरच्या तक्त्यात दोन वेळा असतात: रॉड सरळ करता येतो तेवढी, आणि नट आवळायच्या आधी थांबायची. पोरं पहिलीच वाचतात. तक्ता भिंतीच्या तापमानावर बघायचा. मे महिन्यात उन्हातल्या खांबावर पहिली वेळ दोन-तीन मिनिटांत संपते, म्हणून सगळी भोकं आधी साफ करायची आणि नळकांडी सावलीत ठेवायची. डिसेंबरात कधी सकाळी पारा दहाच्या खाली जातो, तवा तेच केमिकल कितीतरी जास्त वेळ घेतं. इपॉक्सीवाल्याला, म्हणजे हळू घट्ट होणाऱ्या केमिकलला, मी सरळ रात्रभर देतो, थंडीत तक्ता सांगेल तेवढा वेळ.

बाकीचं थोडक्यात. दोन भाग मिसळणाऱ्या नव्या नॉझलमधून रंग एकसारखा येईपर्यंतचा माल फेकायचा, कंजुषी नको. तळापासून भरत यायचं, दोन तृतीयांश पुरे. रॉडला तेल नको. पोकळ ब्लॉकला केमिकल धरून ठेवणारी जाळीची नळी लागतेच.

आणि पांढऱ्या मातीच्या जुन्या वाड्याच्या भिंतीत केमिकल भरायला मला बोलवू नका. तिथं आरपार बोल्ट आणि मागून मोठी प्लेट.