कॉम्प्रेशन तपासताना पहिला ठोका बघा

पेट्रोल गाडी पिकअप घेत नाही, एक सिलिंडर मिस करतोय, तर इंजिन खोलायला होकार देण्याआधी कॉम्प्रेशन गेज (स्पार्क प्लगच्या जागी बसवून सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर) लावून घ्या. इंजिन गरम हवं, बॅटरी फुल चार्ज. चारही स्पार्क प्लग काढा, फ्यूल पंपाचा फ्यूज आणि इग्निशन कॉइलचे कनेक्टर काढून ठेवा. एकाने अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा. हे बहुतेक जण विसरतात, मग हवाच आत जात नाही आणि चांगलं इंजिनही कमी आकडा दाखवतं.

एकेका सिलिंडरला गेज लावून स्टार्टर मारा आणि पाच-सहा ठोके द्या, म्हणजे पिस्टनला तितक्या वेळा हवा दाबू द्या. पहिल्याच ठोक्याला काटा किती उडी घेतो ते बघा. काटा सुरुवातीला कमी राहून हळूहळू चढत गेला तर संशय पिस्टनच्या रिंगांवर. कमीच राहिला आणि चढलाही नाही तर व्हॉल्व्हवर. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत १५० ते १८० पीएसआय (दाब मोजायचं एकक) मिळतं, पण खरा आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच. सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका असतो. सर्वात कमी आकडा सर्वात जास्तीच्या ७५ टक्क्यांखाली गेला, की गडबड आहे.

कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलाय. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर आधी हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं सील) बघा.

डिझेल इंजिनला हे गेज चालत नाही, आणि त्यात ऑइल तर अजिबात टाकू नका. दाबाने ते पेट घेऊ शकतं.